उरलेल्या गोळ्या

आजींनी पिशवीतून औषधाच्या पट्ट्या काढून टेबलावर ठेवल्या. महिन्यापूर्वी पंधराच्या दोन पट्ट्या नेल्या होत्या. मी मोजल्या. एकोणीस गोळ्या जागच्या जागी होत्या. रक्तदाब १८०/१००.

"आजी, रोज सकाळी एक, असं सांगितलं होतं ना?"

"घेतेय की," त्या निवांतपणे म्हणाल्या. "डोस्कं दुखलं की घेतेय."

मग पंचवीस वर्षं जे करत आलो तेच मी केलं. आवाज चढवला. लकव्याची भीती घातली. चिठ्ठीच्या मागे हृदयाचं चित्र काढलं, त्यातून निघणाऱ्या नळ्या काढल्या, नळी फुटली तर काय होतं ते बॉलपेन दाबून दाखवलं. सोबत आलेल्या सुनेला "जरा लक्ष ठेवत जा" म्हणून बजावलं. तिने खाली मान घालून ऐकून घेतलं. आजी "बरं, बरं" म्हणाल्या. बाहेर तीस पेशंट ताटकळत असताना एका म्हातारीसाठी दहा मिनिटं दिली, याचं मला थोडं समाधानही वाटलं. पुढच्या महिन्यात सतरा गोळ्या उरल्या.

दहा मिनिटांच्या व्याख्यानाची कमाई दोन गोळ्या. या पुस्तकाची सुरुवात तिथे झाली.

आपल्याकडे यावर एक तयार वाक्य आहे: कळतं पण वळत नाही. कळणं वेगळं आणि वळणं वेगळं, हे त्यात पहिल्यापासून गृहीत धरलेलं आहे. पण आपण ते वापरतो शेरा मारायला. वळत नाही म्हणजे माणूस आळशी, हट्टी, बेफिकीर. दवाखान्यात त्याला 'अडाणी' असा शब्द आहे आणि तो मीही वापरला आहे. शाळेत 'अभ्यासात लक्ष नाही' म्हणतात, बँकेत 'शिस्त नाही' म्हणतात, पंचायत समितीत 'लोकांनाच नको आहे' म्हणतात. आता माझंच बघा. माझ्या वडिलांना साठीच्या आत हृदयविकार झाला. कोलेस्टेरॉल तपासून घ्यायचं म्हणून मी दोन वर्षं ठरवत होतो. रक्त तपासणारी लॅब माझ्या दवाखान्याच्या खालच्याच मजल्यावर आहे. रोज दोनदा मी तिच्या दारावरून जिना चढतो. पण मला कोणी अडाणी म्हणालं नाही. मी 'कामात असतो'.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २००३ च्या अहवालात म्हटलं आहे की, विकसित देशांतसुद्धा दीर्घकाळ चालणाऱ्या आजारांत सरासरी निम्मेच रुग्ण सांगितल्याप्रमाणे औषध घेतात. म्हणजे शिकलेल्या, विमा असलेल्या, औषध दारात मिळणाऱ्या देशांतही निम्म्या रुग्णांच्या गोळ्या डब्यात राहतात. हे वाचलं तेव्हा पहिल्यांदा शंका आली की, आपण ज्याला पेशंटचा स्वभाव म्हणतो तो बहुधा सगळ्यांचाच स्वभाव असावा, आणि उपाय दुसरीकडे कुठेतरी असावा.

तो शोधायला गेलो तेव्हा वर्तनविज्ञान नावाचं दालन सापडलं. त्याचा इतिहास इथे थोडक्यात उरकतो, कारण तो सांगणारी पुस्तकं पुष्कळ आहेत. डॅनियल कानेमान आणि अमोस ट्वर्स्की या दोन इस्रायली मानसशास्त्रज्ञांनी १९७९ साली अर्थशास्त्राच्या एका नियतकालिकात लेख लिहिला. शंभर रुपये गमावल्याचं दुःख शंभर रुपये मिळाल्याच्या आनंदापेक्षा मोठं असतं, आणि निवड करताना माणूस हिशोबाच्या वहीप्रमाणे चालत नाही, असं त्यात नेमकेपणाने मांडलेलं होतं. ट्वर्स्की १९९६ मध्ये गेले. कानेमान यांना २००२ साली नोबेल मिळालं, तेही अर्थशास्त्राचं. पुढे रिचर्ड थेलर यांनी कॅस सन्स्टीन यांच्याबरोबर २००८ मध्ये 'नज' हे पुस्तक लिहिलं. थेलर यांना २०१७ मध्ये नोबेल मिळालं. मधल्या काळात, २०१० साली, ब्रिटिश सरकारने हे सगळं कारभारात वापरून पाहायला एक स्वतंत्र गटच नेमला.

या 'नज'ला मराठी शब्द शोधताना माझी बरीच करमणूक झाली. 'कोपरखळी' लिहून पाहिला. पण आपल्याकडे कोपरखळीत टोमणा असतो. 'ढोसणं' म्हणावं तर डोळ्यांसमोर म्हैस येते. 'हलकासा धक्का' हा गर्दीच्या एसटीतला. शेवटी एक जुना, घरातला शब्द हाती लागला: सोय. पाहुण्यांची सोय, मुलांच्या राहण्याची सोय, पाण्याची सोय. जे करायचं आहे ते हाताशी यावं, अंगावर न यावं, अशी मांडामांड. पुस्तकभर मी हाच शब्द वापरला आहे. त्याचा एक फायदा असा की, 'सोय' म्हटलं की मराठी माणूस लगेच विचारतो, कोणाची? त्या प्रश्नाकडे मी पुढे येणार आहे.

आमच्या गावच्या बाजारपेठेत संध्याकाळी सातच्या सुमाराला जो कोणी उभा राहील त्याला ही सोय चालताना दिसेल. पतसंस्थेचा पिग्मी एजंट खांद्याला बॅग लावून एकेका दुकानाच्या पायरीशी थांबतो. किराणावाला गिऱ्हाइकाचं वजन करता करता गल्ल्यातून शंभराची नोट काढून त्याच्याकडे सरकवतो. एजंट हातातल्या छोट्या यंत्रावर आकडे दाबतो, चिठ्ठी बाहेर येते, किराणावाला ती न वाचता खिळ्याला अडकवतो. वीस सेकंदांचा मामला. कोणी कोणाशी बोलतसुद्धा नाही. मी त्या दुकानदाराला एकदा विचारलं, समोर राष्ट्रीयीकृत बँक आहे, तिथे महिन्याला तीन हजार भरलेत तर व्याज जास्त मिळेल की. तो हसला. म्हणाला, "डॉक्टर, महिनाअखेरीला तीन हजार राहतात कुठं? आणि हा माणूस दारात आला की नाही म्हणवत नाही. शेजारचा बघतो ना."

एवढ्या दोन-तीन वाक्यांत वर्तनविज्ञानाची निम्मी प्रकरणं आली. मोठी रक्कम एकदम बाजूला काढणं जड जातं, रोजची शंभराची नोट जात नाही. बँकेत जायला उठावं लागतं. एजंटला टाळायला उठावं लागतं. शिवाय शेजारचा बघत असतो. व्याजाचं गणित पाहिलं तर हा व्यवहार कच्चा, मुदतीआधी पैसे काढले तर कपातही होते. पण ज्या कपातीमुळे गणित बिघडतं तीच त्या दुकानदाराला हवी असते. पैसे सहज काढता येऊ नयेत म्हणून तर तो ते दुसऱ्याच्या हातात देतो. ही पद्धत १९२८ साली उडुपीत, पुढे सिंडिकेट बँक झालेल्या संस्थेने सुरू केली. तेव्हा कानेमान जन्मायचे होते. फिलिपिन्समध्ये तीन अर्थशास्त्रज्ञांनी हाच विचार प्रयोग म्हणून तपासला आणि २००६ मध्ये छापला: ठरावीक रक्कम किंवा तारीख येईपर्यंत आपलेच पैसे आपल्याला काढता येणार नाहीत, असं खातं लोकांपुढे ठेवलं. चारातल्या एकाहून थोड्या अधिक खातेदारांनी ते घेतलं, आणि ज्यांना ते देऊ केलं होतं त्या गटाची बचत वर्षभरात इतरांच्या तुलनेत सुमारे ८० टक्क्यांनी वाढली. स्वतःच्या हाताला स्वतःच बेडी घालायला माणसं तयार असतात, फक्त बेडी कोणीतरी दारात आणून द्यावी लागते. (बेडी आणणारा विश्वासाचा हवा, हेही खरं. आमच्या भागातली एक पतसंस्था बुडाली तेव्हा याच पायरीवर एजंटने शिव्या खाल्ल्या. त्याचा स्वतःचा पैसाही तिच्यातच होता.)

दारात आणून देण्याचा सर्वांत बोलका आकडा मला राजस्थानातून मिळाला. उदयपूर जिल्ह्यातल्या खेड्यांत एक ते तीन वर्षांच्या मुलांच्या लसीकरणाचा प्रयोग अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला आणि २०१० मध्ये प्रसिद्ध केला. ज्या गावांत काहीच वेगळं केलं नाही तिथे पूर्ण लसीकरण झालेली मुलं ६ टक्के निघाली. ज्या गावांत ठरल्या दिवशी न चुकता शिबिर भरलं तिथे १८ टक्के. आणि जिथे शिबिराबरोबर प्रत्येक लसीमागे एक किलो डाळ आणि सगळ्या लसी पूर्ण झाल्यावर ताटांचा संच दिला, तिथे ३९ टक्के. एखाद्या आईचा लसीला तात्त्विक विरोध असेल तर तो किलोभर डाळीने मोडणार नाही. विरोध नव्हताच. 'पुढच्या वेळी नेऊ' एवढंच होतं. लसीचा लाभ पुढे कधीतरी, न दिसणारा. मुलाचं रडणं आणि रात्रीचा ताप मात्र आज. डाळीने आजच्या पारड्यात थोडं वजन टाकलं. बॅनर्जींना डुफ्लो आणि मायकेल क्रेमर यांच्यासह २०१९ चं नोबेल मिळालं तेव्हा आपल्याकडे त्यांची आई पूर्वाश्रमीची पाटणकर आहे यावरच जास्त चर्चा झाली. ते ठीक आहे. पण डाळीवर व्हायला हवी होती.

दुसरा एक अभ्यास मला व्यक्तिशः लागला. तो तमिळनाडूतल्या ऊस उत्पादकांवरचा, २०१३ साली 'सायन्स'मध्ये आलेला. संशोधकांनी त्याच शेतकऱ्यांना तोडणीआधी, म्हणजे हात तंगीत असताना, आणि ऊस जाऊन पैसे आल्यावर, असं दोनदा बुद्धीच्या चाचण्यांना बसवलं. माणूस तोच, चाचण्या त्याच धर्तीच्या. तोडणीआधीची कामगिरी खालावलेली. डोकं पैशाच्या जुळवाजुळवीत गुंतलेलं असतं तेव्हा दुसऱ्या कामाला ते कमी उरतं, असा निष्कर्ष त्यांनी काढला. त्यावर पुढे वादही झाले, आणि एका अभ्यासावर फार इमला रचू नये हे मला मान्य आहे. पण मी उसाच्याच पट्ट्यात प्रॅक्टिस करतो. कारखान्याच्या बिलाआधीचा माझा पेशंट आणि बिलानंतरचा पेशंट ही दोन माणसं असतात, हे मला कुठल्याही चाचणीशिवाय ठाऊक होतं. मी त्याचा अर्थ इतकी वर्षं 'पैसे नाहीत म्हणून औषध घेत नाही' एवढाच लावत होतो. औषध घरात असूनही घ्यायचं राहून जातं, हे त्यात बसत नव्हतं.

आता परत आजींकडे.

सतरा गोळ्यांनंतर मी भाषण दिलं नाही. खुर्ची पुढे ओढली आणि विचारलं, सकाळी उठल्यापासून काय काय करता ते सांगा. त्यांनी सांगितलं. उठायचं, अंगण झाडायचं, मग उंबऱ्यात बसून मिश्री लावायची, मग चूळ भरून चहा. मिश्री म्हणजे भाजलेल्या तंबाखूची पूड. आमच्याकडच्या साठीच्या पुढच्या बायकांत तिचं प्रमाण एवढं आहे की, दात पाहून गाव सांगता येईल.

"मिश्री कधी विसरता का हो?"

"ती कशी इसरंल?" माझ्या अकलेची कीव आल्यासारखं त्यांनी बघितलं.

मी टेबलाच्या खणातून रबरबँड काढला आणि म्हणालो, घरी गेल्यावर ही पट्टी मिश्रीच्या डबीला बांधा. डबी उघडायची तर आधी पट्टी हातात येईल. चूळ भरली की गोळी. सुनेच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा हसू आलं. पुढच्या महिन्यात दोन गोळ्या उरल्या होत्या, आणि त्या दोन दिवशी आजी लग्नाला गेल्या होत्या.

हा किस्सा मी डॉक्टरांच्या एका बैठकीत सांगितला तेव्हा एकजण उठून म्हणाला, म्हणजे तुम्ही तंबाखूच्या डबीला औषध बांधलंत. हो, बांधलं. त्या आक्षेपाला माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं.

असंच एक काम मुंबईत झालं. लोकल गाड्यांचे रूळ ओलांडताना दर वर्षी माणसं मरतात. त्या काळी हा आकडा हजारांत होता. भिंती बांधल्या, दंड ठेवला, पाट्या लावल्या. २०१० च्या सुमाराला 'फायनल माइल' या संस्थेने वडाळ्याजवळ काही साध्या गोष्टी करून पाहिल्या. मोठी वस्तू असते त्यापेक्षा सावकाश येताना भासते, म्हणून गाडीच्या वेगाचा अंदाज चुकतो. तर रुळांखालचे काही स्लीपर पिवळे रंगवले, म्हणजे गाडी ते किती झपाट्याने गिळते आहे ते डोळ्यांना दिसावं. कवटी-हाडांच्या चित्राऐवजी गाडीखाली सापडणाऱ्या माणसाच्या भेदरलेल्या चेहऱ्याचे फोटो लावले. मोटरमनला एक लांब शिट्टी देण्याऐवजी दोन तुटक शिट्ट्या द्यायला सांगितलं, कारण मधल्या शांततेने माणूस दचकून बघतो. तिथले मृत्यू त्यानंतर घटले. मला यातलं आवडलं ते हे की, रूळ ओलांडणाऱ्याला कोणी मूर्ख समजलं नाही. घाईतला माणूस पुलावरून जाणार नाही हे धरून चालले, आणि त्याचा डोळा कुठे फसतो ते शोधलं.

आतापर्यंत मी पेशंट, दुकानदार, प्रवासी यांच्याबद्दलच बोललो. पण जो सल्ला देतो त्याचं काय? या पुस्तकाचा मोठा भाग व्यावसायिकांसाठी आहे आणि मला भीती आहे की, ते तो दुसऱ्यांना लावण्यासाठी वाचतील. मी स्वतः हा विषय तसाच वाचला होता. मग २०१४ चा एक अमेरिकन अभ्यास हाती आला: डॉक्टरांच्या पाळीचे तास जसजसे उलटतात तशा गरज नसताना लिहिलेल्या अँटिबायोटिकच्या चिठ्ठ्या वाढतात; पहिल्या तासापेक्षा चौथ्या तासाला जास्त. मी माझ्याच चिठ्ठ्यांच्या कार्बन प्रती काढून बसलो. दोन आठवड्यांच्या. सर्दी-खोकल्याला सकाळी दहाला मी वाफ आणि मिठाच्या पाण्याच्या गुळण्या सांगत होतो. रात्री साडेआठला त्याच सर्दीला पाच दिवसांचा कोर्स देत होतो. जंतू काही घड्याळ बघून बदलत नाहीत. दमलेल्या माणसाला समजावून सांगण्यापेक्षा लिहून देणं सोपं पडतं, आणि 'इंजेक्शन नाही दिलं का डॉक्टर?' असं विचारणाऱ्याशी वाद घालण्याइतकं त्राण साडेआठला उरत नाही. वर्तनविज्ञान म्हणून ज्याचा मी अभ्यास करत होतो ते खण उघडल्यावर माझ्याच अक्षरात निघालं.

त्याच वर्षी लॉस एंजेलिसमधला एक छोटा प्रयोग छापून आला होता. डॉक्टरांनी स्वतःचा फोटो आणि सही असलेलं पत्र तपासणीच्या खोलीत लावलं: उपयोग नसेल तेव्हा मी अँटिबायोटिक देणार नाही. ज्यांनी असं पत्र लावलं नव्हतं त्यांच्या तुलनेत अनावश्यक चिठ्ठ्या जवळजवळ २० टक्के-अंकांनी घटल्या. मी तेच करायचं ठरवलं, पण गावात फोटोचा फ्लेक्स म्हणजे वाढदिवस किंवा निवडणूक. आमच्या कंपाउंडरने पहिल्याच दिवशी विचारलं, "सर, उभे राहताय का?" शेवटी फोटो काढला, हाताने लिहिलेलं पत्र फ्रेम करून ठेवलं. ते पेशंटपेक्षा मला जास्त दिसतं, खुर्चीच्या बरोबर समोर आहे.

इंग्लंडमध्ये सर्वाधिक अँटिबायोटिक लिहिणाऱ्या दवाखान्यांना तिथल्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याच्या सहीचं एक पत्र गेलं: तुमच्या भागातले ८० टक्के दवाखाने तुमच्यापेक्षा कमी लिहितात. त्यांचं प्रमाण ३.३ टक्क्यांनी उतरलं. एका पत्राच्या खर्चात. पिग्मीवाल्याच्या पायरीवरचा 'शेजारचा बघतो' इथे टपालाने आला, इतकंच.

सोय उलटू शकते हेही लवकर समजलेलं बरं. इस्रायलमधल्या हायफा शहरातल्या दहा पाळणाघरांवरचा अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. पालक मुलांना न्यायला उशीर करत. सहा पाळणाघरांनी उशिराला दंड ठेवला. उशिरा येणारे वाढले, जवळजवळ दुप्पट झाले. आधी उशीर झाला की ताईंसमोर ओशाळं वाटायचं. आता पैसे भरले की मोकळं. कहर म्हणजे दंड मागे घेतल्यावरही पालक पूर्वीसारखे ओशाळले नाहीत. कोणत्याही हाउसिंग सोसायटीच्या सचिवाने हे प्रकरण (पुस्तकातलं सातवं) विलंबशुल्काचा ठराव मांडण्याआधी वाचावं.

या विषयावरच्या पुस्तकांत जो उत्साह असतो तो माझ्यातही एकेकाळी होता. तो कमी का झाला ते सांगायला हवं. एकवीस दिवसांत सवय लागते, हे तुम्हाला कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आलेलंच असेल. मॅक्सवेल माल्ट्झ नावाच्या अमेरिकन प्लॅस्टिक सर्जनने १९६० मध्ये एका पुस्तकात लिहिलं होतं की, बदललेला चेहरा अंगवळणी पडायला रुग्णाला निदान एकवीस दिवस लागतात. त्यातला 'निदान' वाटेत गळून पडला आणि चेहऱ्याच्या जागी सवय आली. लंडनमध्ये ९६ जणांवर प्रत्यक्ष मोजलं गेलं तेव्हा मधला आकडा ६६ दिवस निघाला आणि अंतर १८ पासून २५४ पर्यंत. म्हणजे बाविसाव्या दिवशी 'आपल्याला जमत नाही' म्हणून सोडून देणाऱ्यांपैकी बहुतेकांनी अर्ध्या वाटेच्याही आत सोडलेलं असतं. आणखी एक गोष्ट: फॉर्मच्या शेवटी सही घेण्याऐवजी सुरुवातीला घेतली तर लोक खरं लिहितात, असा एक लेख २०१२ मध्ये आला आणि जगभर गाजला. २०२१ मध्ये तो मागे घ्यावा लागला, कारण त्यातल्या एका प्रयोगाचे आकडे बनावट असल्याचं उघड झालं. विषय होता प्रामाणिकपणा. मी तो लेख दोन व्याख्यानांत मोठ्या रंगात सांगितला होता.

सर्वांत शुद्धीवर आणणारा आकडा २०२२ चा. अमेरिकेतल्या दोन सरकारी 'नज' गटांनी केलेले १२६ प्रयोग, त्यात दोन कोटींहून जास्त माणसं, असं सगळं एकत्र तोललं गेलं. विद्यापीठांच्या नियतकालिकांत छापल्या जाणाऱ्या प्रयोगांत सरासरी फरक ८.७ टक्के-अंकांचा दिसत होता. या गटांच्या सगळ्या, छापलेल्या-न छापलेल्या प्रयोगांत तो १.४ निघाला. फसलेले प्रयोग छापले जात नाहीत हे त्यामागचं मोठं कारण. १.४ म्हणजे शून्य नव्हे. दोन कोटींत ती लाखो माणसं होतात. पण ज्याच्या दवाखान्यात दिवसाला साठ पेशंट येतात त्याने चमत्काराची वाट पाहू नये. आपल्या जागेवर, आपल्या माणसांत करून बघावं, मोजावं आणि नाही जमलं तर तसं लिहावं. माझ्या तीन फसलेल्या प्रयोगांना पुस्तकात एक पूर्ण प्रकरण आहे. मधुमेहींना मोबाइलवर रोज संदेश पाठवण्याचा उद्योग त्यातच येतो. तिसऱ्या आठवड्यात एका पेशंटने मला ब्लॉक केलं.

आणि आता तो राहिलेला प्रश्न: सोय कोणाची?

गावोगावी हागणदारीमुक्तीची मोहीम चालू असताना आपल्याकडे 'गुड मॉर्निंग पथकं' निघाली. पहाटे अंधारात कर्मचारी गावाच्या कडेला उभे राहत. लोटा घेऊन आलेल्याला कुठे गुलाबाचं फूल देत, कुठे शिट्टी वाजवत, कुठे फोटो काढत. लाज हे वर्तनविज्ञानातलं जबरदस्त हत्यार आहे आणि ते चाललंही. पण ज्या घरी पाणी एक मैलावरून आणायचं, तिथे संडासात ओतायला पाणी कुठलं, हे त्या फुलावर लिहिलेलं नव्हतं. माझी एक पेशंट, साठीची, पथकाच्या धास्तीने दोन महिने रात्री उशिरापर्यंत रोखून धरायची; लघवीच्या संसर्गाने आली तेव्हा मला कळलं. त्याच मातीत गाडगेबाबा गावात शिरले की आधी झाडू हातात घेऊन गाव झाडायला लागत आणि कीर्तनाला रात्री उभे राहत. लाज तिथेही वाटत असणार. पण लाजवणाऱ्याच्या हातात झाडू होता.

दुसऱ्या टोकाला तुमच्या खिशातला मोबाइल. तिकीट काढताना आधीच खूण केलेला विमा, रद्द करायला सातव्या पानावर लपवलेलं बटन, 'फक्त दोन शिल्लक' असं दिवसभर सांगणारी पाटी. ही सगळी त्याच विद्येची पोरं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अशा १३ फसव्या क्लृप्त्यांची नावं घेऊन त्यांवर मनाई केली. तरी रोजच्या रोज त्यांतली एखादी मला गाठतेच, आणि या विषयावर पुस्तक लिहिणारा मी महिनाभर एका ॲपचे पैसे भरत होतो, जे मी कधी उघडलं नव्हतं.

मी स्वतःपुरती एक चाळणी लावून घेतली आहे. जी सोय मी केली ती पेशंटला तोंडावर सांगता येते का? "आजी, तुम्ही गोळी विसरता म्हणून मी ती डबीला बांधतोय", हे सांगता येतं. सांगितल्याने तिचा गुण कमीही होत नाही. 'रद्द करायचं बटन तुम्हाला सापडू नये म्हणून मी ते लपवलंय', हे कोणी सांगणार नाही.

हे पुस्तक शिक्षकांसाठी आहे, आशाताईंसाठी आहे, बँकेच्या काउंटरवर बसणाऱ्यांसाठी आहे, दहावीतल्या मुलाशी रोज तेच भांडण भांडणाऱ्या आईसाठी आहे. प्रकरणं कोणत्याही क्रमाने वाचावीत. प्रत्येकाच्या शेवटी एक पान कोरं सोडलं आहे. ते छपाईची चूक नाही. त्यावर एकच गोष्ट लिहायची आहे, कधी आणि कुठे करणार त्यासकट. अमेरिकेतल्या एका कंपनीत फ्लूच्या लसीच्या पत्रकावर कर्मचाऱ्यांना नुसती तारीख आणि वेळ लिहायला जागा दिली, तर लस घेणारे ४.२ टक्के-अंकांनी वाढले होते. माझ्या हस्तलिखिताच्या त्या पानावर 'मंगळवार, सकाळी ८.४५, जिना चढण्याआधी' असं लिहिलेलं होतं. कोलेस्टेरॉल २३१ निघालं.

हस्तलिखित प्रेसला जायच्या आठवड्यात आजी आल्या. मोठ्या खुशीत होत्या. नातीने हट्ट धरला म्हणून त्यांनी मिश्री सोडली होती, दीड महिना झाला. मी उठून त्यांना हात जोडले. त्या बैठकीतल्या डॉक्टरला फोन लावून सांगावं असंही मनात आलं. मग रक्तदाब पाहिला, १७०/९८. पट्ट्या मागितल्या. बावीस गोळ्या शिल्लक.

"डबीच न्हाई आता," आजी म्हणाल्या, "तर गोळी कशाला बांधू?"

मी खणातून रबरबँड काढला आणि सुनेला विचारलं, चहाचा डबा कोण उघडतं घरात?